डावीकडे ओढणारी गाडी

रोज सकाळी गाडी सुरू करण्याआधी तो हँडल डावीकडे टोकापर्यंत वळवायचा, मग उजवीकडे टोकापर्यंत, आणि मान तिरकी करून ऐकायचा. काही वाजलं नाही, तर समाधान होण्याऐवजी कपाळावर एक आठी जास्त पडायची. "हं," म्हणायचा. त्या "हं"चा अर्थ घरात सगळ्यांना पाठ होता: आज नाही सापडलीस, पण जातेस कुठे.

त्याची बायको खिडकीतून हे बघायची. तळमजल्यावरच्या पुढच्या खोलीत तिचं शिवणयंत्र होतं, आणि खिडकीसमोरच गाड्या लावायची जागा. पाय यंत्रावर, डोळे नवऱ्यावर, अशी तिची सकाळ सुरू व्हायची.

एकतीस वर्षं त्यानं लिफ्ट तपासल्या होत्या. इमारतीच्या गच्चीवरच्या खोलीत शिरायचं, मोटारीवर तळवा ठेवायचा, डोळे मिटायचे आणि शेजारी उभ्या मालकाला ताटकळत ठेवायचं.

"खुट्ट झालं."

"मला नाही ऐकू आलं, साहेब."

"तुम्हाला ऐकू आलं असतं, तर मला कशाला बोलावलं असतं?"

त्यामुळे नाव पडलं खुट्टसाहेब. झाकण काढून आत बघितल्याशिवाय त्यानं एका कागदावर सही केली नव्हती. झाकलेलं म्हणजे लपवलेलं, हा त्याचा सरळ हिशेब, आणि तो त्यानं घरातल्या डब्यांपासून पाहुण्यांच्या हसण्यापर्यंत सगळीकडे लावला होता.

निवृत्तीनंतर आठवड्याभरात धाकटा भाऊ दारात आला. हातात किल्ली.

"दादा, ही घे. तुझी झाली."

"का?"

"का म्हणजे? मी चारचाकी घेतली. ही तुलाच शोभते."

"तुला काय झालंय?"

"मला काही नाही झालं."

"मग गाडीला काय झालंय?"

भाऊ हसत सुटला. वहिनीही हसली. पण तिनं नवऱ्याकडे पाहिलं, आणि तो हसत नव्हता.

गाडी मात्र देखणी. मोठा गोल दिवा, त्याच्या दोन्ही अंगांनी मागे वळत आलेलं अर्धं कवच, वर आखूड काच, लांबट टाकी. दिसायला आजोबांच्या काळातली, पोटात सगळं आजचं. दोघे भाऊ लहान असताना एका खोलीत झोपायचे, तेव्हा कपाटाच्या दाराला आतून अशाच गाडीचं चित्र चिकटवलेलं होतं. चिकटवलं थोरल्यानं, बघायचे दोघं. धाकट्यानं ते लक्षात ठेवलं होतं. थोरल्याच्या मनात मात्र ते कवच बसलं. त्याच्याआड पुढच्या चाकाचे दांडे वर जाऊन सांगाड्याला कुठे मिळतात, ते बाहेरून दिसत नव्हतं.

सुरुवातीचे दिवस बरे गेले. बायको त्याच्या मागे बसून लांबच्या गावांना जाऊन आली. पार्किंगमधून काढताना ही गाडी जड आणि हट्टी. पण रस्त्यावर वेग धरला की सगळं वजन कुठेतरी टाकून द्यायची. साठच्या आसपास मुठींना मुंग्या यायच्या, सत्तरला आपोआप निघून जायच्या. वारा कवचावर चढून त्यांच्या डोक्यांवरून जायचा आणि त्या आडोशात इंजिनाची संथ, पोटातली गुरगुर तेवढी उरायची. वळणाला घाई नाही. एकदा झुकली की झुकलेल्या जागी शांत राहायची. तासन् तास बसावं आणि उतरताना पाठीनं तक्रार करू नये. लग्नानंतर इतक्या वर्षांनी आपण नवऱ्याच्या पाठीला टेकून कुठेतरी जातो आहोत, याची तिला मनातल्या मनात गंमत वाटायची.

दहाव्या महिन्यात एके दिवशी तो परत येऊन म्हणाला, "डावीकडे ओढते."

झालं. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. रोज साताला गोदामांच्या मागच्या सरळ रस्त्यावर जायचं, ऐंशीचा वेग धरायचा, रस्त्यावरची पांढरी रेघ पकडायची आणि गाडी तिच्यापासून किती सरकते ते बघायचं. टायर बदलले. चाकांचे छर्रे बदलले. कवच तीनदा उतरवलं. गच्चीवरून ओळंबा आणून गाडीसमोर टांगला आणि एक डोळा मिटून तासभर बसला. गॅरेजवाल्यानं सांगाडा मोजून दिला.

"साहेब, सुतासारखा सरळ आहे."

"तुझी आणि माझ्या भावाची ओळख किती दिवसांची?"

"त्यांची सर्व्हिसिंग माझ्याकडेच व्हायची ना!"

"तेच म्हटलं," असं म्हणून तो बाहेर पडला. दोघं मिळालेले आहेत, हे त्यानं बायकोला जेवताना सांगितलं.

मग भावाला बोलावून घेतलं. "कुठे आपटली होतीस?"

"दादा, एकदाही पडली नाही. वहिनीच्या गळ्याची शपथ."

"माझ्या गळ्याची कशाला, भाऊजी? स्वतःचा आहे ना चांगला जाडजूड."

कुणी हसलं नाही. धाकट्याचा चेहरा उतरला. "चांगली वस्तू तुला कुणी उगीच देणार नाही, असंच वाटतं ना तुला? माझ्याबद्दलसुद्धा?"

"मी प्रश्न विचारला. उत्तर दे."

"उत्तर दिलं," भाऊ म्हणाला आणि चपला घालून गेला. त्यानंतर अडीच महिने तो आला नाही. फोन केला तर वहिनीलाच करायचा. "गाडी परत घेऊन टाकतो मी," एकदा म्हणाला. "गाडीपायी भाऊ जातोय माझा."

तिला दोघांचीही कीव यायची आणि रागही. पण याच सुमाराला तिच्या मनात एक वेगळाच संशय शिरला होता, आणि तो गाडीवर नव्हता.

नवऱ्यासाठी तिनं प्रवासाचं जाकीट शिवलं होतं, गाडी आली तेव्हा. त्याचं अस्तर उसवलं म्हणून तिनं ते पुन्हा हातात घेतलं आणि त्याच्या अंगावर घालून बघितलं. डावा खांदा खाली आला होता. कापड ताणलं असेल म्हणून तिनं शिवण तपासली. शिवण जागच्या जागी होती. मग ती बघायलाच लागली. तो चालताना उजवा हात हलतो, डावा अंगालगत लटकून राहतो. शर्टाची बटणं लावायला वेळ लागतो. सगळे कापड बघतात, ती कापडाच्या आतलं माणूस बघते. तीस वर्षांत गिऱ्हाइकांच्या कितीतरी गोष्टी तिच्या टेपला त्यांच्या आधी कळल्या होत्या. पण या वेळी तिनं टेप गळ्यातून काढलीच नाही. तीन आठवडे. मोजलं की ठरलं, आणि तिला ठरायला नको होतं.

शेवटी एका सकाळी तो ओळंबा घेऊन निघाला, तेव्हा तिनं यंत्र थांबवलं.

"अहो, लिफ्टची दोरी तपासताना काय करता?"

"वजन लावतो. ठरलेलं वजन."

"आणि लिफ्टचा पाळणा एका बाजूला कलत असेल तर?"

"वजनं हलवून बघतो. दोष पाळण्याचा की वजनाचा, ते आधी..." तो थांबला.

"गाडीवर तीन महिने एकच वजन आहे," ती म्हणाली. "दुसरं लावून बघा एकदा. भाऊजींना बोलवते."

"तो मुद्दाम सरळ चालवेल."

"मुद्दाम सरळ चालवता येत असेल, तर सांगाडा वाकडा कसा?"

अडला की एरवी तो कागदपत्र मागायचा. या वेळी त्यानं हेल्मेट उचललं.

रविवारी तिघं गोदामांच्या रस्त्यावर गेले. भाऊ रेघेवरून ऐंशीनं गेला, परत आला. पुन्हा. तिसऱ्यांदा त्यानं क्षणभर दोन्ही हात सोडले. गाडी रुळावरून गेल्यासारखी गेली.

"मागे बसून बघतो," थोरला म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो धाकट्याच्या मागे बसला. दोघं जाताना लहान होत गेले आणि येताना मोठे झाले. गाडी थांबली, तसा तो उतरून पुढच्या चाकाशी वाकला. मग म्हणाला, "हिच्यात काही नाही."

ती पुढे झाली, गळ्यातली टेप काढली. "सरळ उभे राहा." डावा खांदा दोन बोटं खाली. तिनं आकडा मोठ्यानं सांगितला, गिऱ्हाइकाला सांगते तसा.

"तुला कधी कळलं?"

"अस्तर लावताना."

"आणि सांगितलं नाहीस."

"तुम्ही शिवण उसवायला लावली असती."

धाकटा भाऊ आधी हसला आणि मग तोंड फिरवून उभा राहिला.

डॉक्टरांनी कंपवात सांगितला. अजून थरथर नाही. पण डावी बाजू आखडत चालली आहे. त्यानं दुसऱ्या डॉक्टरांकडून खात्री करून घेतली, मग तिसऱ्या. तिघं मिळालेले आहेत, असं मात्र म्हणाला नाही. भावाची माफी मागितली नाही, कारण ते त्याला कधी येतच नव्हतं. फक्त किल्ली त्याच्या खिशात टाकली आणि म्हणाला, "रविवारी साडेसहा. उशीर नको."

पुढची पाच वर्षं दर रविवारी धाकटा यायचा, दादाला मागे बसवायचा, त्याचे हात स्वतःच्या कमरेभोवती घेऊन पट्टा लावायचा. तो पट्टा तिनंच शिवला होता, दुहेरी शिवणीचा. दोघं घाटापर्यंत जाऊन यायचे. हळूहळू आवाज बारीक होत गेला, शब्द कमी झाले. शेवटी दवाखान्यात होते ते पाणी, नको, कोण, एवढेच. ते कुणाच्याही तोंडचे शब्द. त्याचं स्वतःचं शेवटचं बोलणं बायको दवाखान्याच्या आधीच्या रविवारचं धरते. भावानं गाडी दारात लावली, पट्टा सोडला, दादाला धरून उतरवलं. दादानं कवचाला हात टेकवून दम घेतला आणि भावाकडे नेहमीसारखं बारीक डोळे करून बघितलं.

"घाटातल्या वळणाआधी एवढा ब्रेक कशाला दाबतोस? घेते ना ती."