नव्या दफनभूमीतली पहिली कबर

“माती परत लोट आणि तोंड मिटून घरी ये!” डॉर्कस ओरडली.

मी त्यांची शेजारीण, कुंपणाच्या अलीकडे चादरी वाळत घालत होते. चादरी दोनच होत्या, पण भांडण संपेपर्यंत पुरवल्या.

“माणूस आहे गं खाली,” तिचा नवरा एफ्रम म्हणाला. “उशाशी भाला, छातीवर ढाल. त्याच्यावर अशीच माती लोटू?”

“हजार वर्षांपूर्वी मेलाय तो! आणि उद्या मी मेले की मला कुठे पुरशील?”

“तू? तुझी जीभ तुला मरू देईल तर ना!”

एफ्रम कॅचपोल आमच्या गावचा कबरी खणणारा. चर्चचं आवार भरलं, म्हणून आम्ही बायकांनी केक विकविकून मागचं कुरण घेतलं. म्हाताऱ्या गिरणीवाल्यासाठी एफ्रमनं तिथं पहिली कबर खणायला घेतली, तर खाली हा भालेवाला. एफ्रमला खोटं पचत नसे. त्यानं पाद्रीबाबांना सांगितलं, त्यांनी सरकारला. जुन्या वस्तूंच्या खात्याचे साहेब आले. कुरणभर सॅक्सन लोकांच्या, इंग्लंडातल्या जुन्या पूर्वजांच्या, कबरी निघाल्या. फलक लागला: इथं फावडं लावायचं नाही.

गिरणीवाला शहरातल्या दफनभूमीत गेला. त्याच्यामागून मेलेले सगळेच.

गावानं एफ्रमला माफ केलं नाही. दारूच्या गुत्त्यात कुणीतरी विचारायचंच, “काय एफ्रम, पाहुणे बरे आहेत ना? ऐसपैस झोपतात ना?” तो ग्लास संपवून घरी यायचा. सरकारनं त्याला त्याच कुरणाचं गवत कापायचं काम दिलं.

मग डॉर्कस खरंच गेली. एफ्रम टोपी हातात धरून साहेबांकडे गेला. कुरणाच्या कोपऱ्यात एक खड्डा मागितला, तिच्यापुरता.

साहेब सभ्य होते. म्हणाले, “नियम सगळ्यांना सारखा.”

“खालच्यांना सोडून,” एफ्रम म्हणाला.

डॉर्कसला शहरात पुरलं, मालमोटारींच्या रस्त्याला लागून. शेजारची जागा पुढं कुणा टॅक्सीवाल्याला गेली.

तेव्हापासून दर शुक्रवारी एफ्रम आधी कुरण कापायचा, मग कात्री घेऊन बसनं शहरात, डॉर्कसवरचं गवत कापायला.

त्या शेवटच्या शुक्रवारी त्याला धड उभं राहवत नव्हतं. कुंपणावरून मी म्हटलं, “आज राहू दे की रे.”

“परक्यांचं कापलं, आणि बायकोचं ठेवू?”

“चारच्या बसनं येशील ना?”

“येईन की. मेल्याशिवाय तिथं जागा देत नाहीत.”

कात्री वर्तमानपत्रात गुंडाळून त्यानं पिशवीत टाकली, टोपी खाली ओढली आणि थांब्याकडे चालू लागला.