एका घराचे दोन टेम्पो

मी एसटीत कंडक्टर होते. पुसदहून सुटणाऱ्या गाड्यांवर माझी सगळी नोकरी गेली. दिग्रस, आर्णी, यवतमाळ, कधी पार पांढरकवड्यापर्यंत. बाई कंडक्टर म्हटलं की लोक वळून बघायचे तेव्हा मी लागले, आणि कुणी वळून बघेनासं झालं तेव्हा निवृत्त झाले. नवरा शिंपी. पुसदच्या बाजारात यांचं दुकान आणि दुकानाच्या वर भाड्याच्या दोन खोल्या. जिना अरुंद आणि उभा. मुलगी तिथंच वाढली, शिकली, नर्स झाली आणि लग्न करून यवतमाळला गेली.

निवृत्तीनंतर कुठं राहायचं, हे मी फार आधीपासून ठरवत होते. आमच्या डेपोतले एक ड्रायव्हर निवृत्त झाल्या झाल्या सगळं विकून पुण्याला मुलाकडे गेले आणि वर्षाच्या आत परत आले, तेव्हा त्यांना पुसदमध्ये राहायला जागा उरली नव्हती. त्यांचा तो चेहरा मी पाहिला होता. माझं तसं होऊ द्यायचं नाही, एवढं पक्कं केलं.

म्हणून यवतमाळची फेरी असली आणि गाडी सुटायला वेळ असला की मी चहा न पिता गल्ल्या बघत फिरायची. माझ्या गुडघ्यांची वाट लागलेली, त्यामुळे घरात एकही पायरी नको. दवाखाना चालत जाण्याइतका जवळ हवा. मुलगी जवळ, पण एकाच गल्लीत नको. यवतमाळात नळाचा भरवसा नाही, म्हणून अंगणात विहीर हवी आणि तिला उन्हाळ्यातही पाणी हवं. आणि बसस्टँडचा हॉर्न ऐकू येता कामा नये. असं घर मिळायला काही वर्षं लागली, पण मिळालं. फंडाच्या पैशात घेतलं, विहिरीत भर मे महिन्यात डोकावून घेतलं. हे प्रत्येक वेळी माझ्यासोबत येऊन बघायचे आणि म्हणायचे, "चांगलं हाय." मला वाटलं, ठरलं.

माझी नोकरी संपली त्याच महिन्यात यांनी दुकानाची जागा मालकाला परत केली. सामान बांधायला घेतलं होतं. तेवढ्यात केळापूरच्या पुढच्या एका खेड्यात यांच्या जुन्या गिऱ्हाइकाच्या मुलीचं लग्न निघालं. मी म्हटलं, तुम्ही जाऊन या, मी भांडी बांधते. हे गेले आणि दुसऱ्या दिवशी दुपारी परत आले. चपलांना काळी माती लागलेली. पाणी प्यायले, खाली बसले आणि म्हणाले, "मी तिथं घर पाह्यलं. हो म्हणून आलो."

"कायचं घर?"

"राह्याले. मास्तर राहत होते पहिले. रिकामंच हाय, भाड्यानं देतात. मागं जागा हाय बरीच, वांगी लावता येतील."

मला आधी वाटलं थट्टा करताहेत. पण हा माणूस थट्टा करत नाही.

"अजी, आपलं घर यवतमाळले हाय," मी म्हटलं. "माहीत हाय ना तुम्हाले?"

"माहीत हाय."

"मंग हो काहून म्हणून आले?"

"ओट्यावर बसलतो दुपारी. समोर नुसतं वावर. बसल्या बसल्या वाटलं, इथं राहावं. वाटलं तसं बोललो."

ज्या माणसानं कापड तीनदा मोजल्याशिवाय कात्री लावली नाही, तो एका दुपारी ओट्यावर बसून असं बोलून आला होता. मी संतापले, पण भांडले नाही. म्हटलं, चला, मला दाखवा.

दुसऱ्याच दिवशी आम्ही निघालो. पांढरकवड्याला उतरून पुढं ऑटोनं. मी ते घर चेकिंगला आल्यासारखं तपासलं. खोल्या दोन, वर टिनपत्रे. घराला तीन पायऱ्या. नळ नाही. हापसा गावाच्या दुसऱ्या टोकाला. दवाखाना म्हणजे पांढरकवडा. शेजारी एक कोलाम आदिवासी जोडपं राहत होतं, दोघंही आमच्याच वयाची. ती बाई कुंपणापाशी आली, यांच्याकडे बघून हसली आणि मला म्हणाली, "आल्या का बाई? हे म्हणत होते, बाई येईल न् घराची खोड काढील."

"खोड नाही, जे हाय ते सांगून राह्यली," मी म्हटलं आणि यांच्याकडे वळले. "उन्हाळ्यात पाणी कुठून आणान? तुम्ही मशीनवर बसलेले माणूस. रात्री छातीत दुखलं तर कोणाले उठवान?"

हे ओट्यावर बसले. मग म्हणाले, "तू सगळी उमर फिरून राह्यली. तुले आता एका जागी बसायचं हाय. बरोबर हाय तुहं. पण मी सगळी उमर एका स्टुलावर बसलो. समोर भिंत. मले आता चालायचं हाय."

"यवतमाळले रस्ते नाहीत काय चालाले?"

"हायेत. पण तिथं मी तुह्या घरात राहीन. हे घर मी पाह्यलं."

मला हे लागलं. पण खोटं नव्हतं. ते घर मी निवडलं होतं, माझे गुडघे आणि माझे कान विचारात घेऊन निवडलं होतं. त्यांनी 'चांगलं हाय' म्हटलं होतं, 'मला हवं' असं म्हटलं नव्हतं. परतीच्या गाडीत मी खिडकीशी बसून सगळा विचार केला. मी यवतमाळचं घर सोडणार नव्हते. हे मास्तरांचं घर सोडणार नव्हते. पुसदला उतरताना मी म्हटलं, "तुम्ही तिकडं राहा. मी यवतमाळले जाते."

हे म्हणाले, "ठीक हाय."

मग कल्लोळ झाला. मुलगी धावत आली, रडली. "या वयात वेगळं राहता? लोक काय म्हणतील?" नणंदेचा फोन आला की, वहिनी, खरं सांग, भांडण काय झालं. भांडण झालं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं. मी प्रत्येकाला एकच सांगितलं, आमचं काही बिघडलेलं नाही, आम्हाला दोघांना वेगवेगळ्या गावी राहायचं आहे. कुणाला पटलं नाही. पटवायचा मी फार प्रयत्नही केला नाही. ज्या दिवशी निघायचं त्या दिवशी दारात दोन टेम्पो उभे राहिले. पलंग माझ्याकडे, खाट त्यांच्याकडे. मोठी भांडी माझ्याकडे, तवा दोघांना एकेक. शिलाई मशीन ते नको म्हणाले. टेम्पो सुटले तेव्हा आख्खा बाजार बघत होता.

यवतमाळात पहिले काही आठवडे मला बसताच येईना. पहाटे चारला जाग यायची. स्वयंपाकघरात मी पाय फाकवून उभी असायची, बससारखी फरशी हलतेय असं समजून. जेवायची तेही उभ्यानं. मग हळूहळू पाठ टेकायला शिकले. सकाळी विहिरीवर दोन बादल्या ओढायच्या, पेपर पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायचा, दुपारी दार लावून झोपायचं. हॉर्न खरंच ऐकू येत नव्हता. इतकं सुख मला कधी मिळालं नव्हतं आणि ते मी कुणाला विचारून घेतलं नव्हतं.

पण ठरवलेलं सगळं ठरल्यासारखं होत नाही, हेही लगेच कळलं. दिवाळीनंतर मुलीची बदली नागपूरला झाली. जावयानंही तिकडं काम शोधलं. मुलगी म्हणाली, "आई, तू माह्यासाठीच यवतमाळ घेतलं ना? चाल आता नागपूरले." मी एक रात्र विचार केला. मुलगी जवळ असणं ही त्या घराची एक बाजू होती. बाकी सगळ्या बाजू जागेवर होत्या. मी तिला म्हटलं, "तू जा बेटा. मी इथंच बरी हाय." ती रुसली. मी तिच्या सामानाचे डबे बांधून दिले, गाडीत बसवून दिलं आणि घरी आले.

यांचे फोन आठवड्यातून एकदोनदा यायचे. वांग्याला कीड लागली, वाल चांगला आला, शेजारणीनं मोहाची भाजी दिली, असलं काही. आवाज बदलला होता. दुकानात ते गिऱ्हाइकाशी मान खाली घालून बोलायचे, त्यामुळे आवाज नेहमी बसका. आता मोकळा येत होता. मी महिन्यातून एखादा शनिवार जायची, रविवारी परत. ते मला वावरं दाखवत चालवत न्यायचे आणि माझे गुडघे दुखले की एकटेच पुढं जाऊन यायचे.

एप्रिलमध्ये फोन आला तो त्यांचा नव्हता. शेजारीण होती. "बाई, तुम्ही या. ह्यांले ताप हाय, ऊन लागलं वाटते." मी मिळेल त्या गाडीनं गेले. हे खाटेवर पडलेले, ओठ फुटलेले. हापसा आटला होता आणि हे दूरच्या विहिरीवरून सायकलला कॅन बांधून भर दुपारी पाणी आणत होते. शेजारीण त्यांना दोन दिवस आंबील पाजत होती. मी त्यांना पांढरकवड्याला डॉक्टरकडे नेलं, सलाइन लावलं आणि बरं वाटताच यवतमाळला घेऊन आले.

माझ्या घरात ते पंधरवडाभर राहिले. मला वाटलं, आता इथंच राहतील. मुलीलाही तसंच वाटलं. पण ताप गेला, चव आली, तसे ते अंगणात येरझारा घालू लागले. एका सकाळी पिशवी भरताना दिसले.

"जाऊन राह्यले?" मी विचारलं.

"वालाचं बी धरलंय. खराब होईन."

मला ओरडावंसं वाटलं. त्याऐवजी मी चप्पल घातली आणि त्यांच्यासोबत निघाले. तिथं पोचल्यावर दोन दिवस हललेच नाही. पांढरकवड्याहून मोठी टाकी आणवली. पत्र्याच्या कडेला पन्हाळी लावून घेतली, पावसाचं पाणी टाकीत उतरेल अशी. पाऊस येईपर्यंत टँकरवाल्याशी बोलून ठेवलं. पायऱ्यांना कठडा बसवला. शेजारणीच्या फोनमध्ये डॉक्टरचा नंबर टाकून दिला. हे बघत होते.

"तू तं म्हणत होती, इथं राहता येत नाही," ते म्हणाले.

"आताही म्हणते. मले राहता येत नाही. तुम्हाले राहायचं हाय तर नीट राहा."

शेजारीण हसत सुटली. हेही हसले.

तेव्हापासून असंच चाललं आहे. भर उन्हाळ्यात हे यवतमाळला येतात. यायचंच, ही माझी अट. बाकी वर्षभर तिकडं. नणंद अजून मधूनमधून विचारते, मिटलं का म्हणून.

मागच्या उन्हाळ्यात अंगणात वाल सोलत बसलो असताना मी मनातलं काढलं. म्हटलं, "आपल्यातलं कोणी अंथरुणाले खिळलं तर काय करायचं, ते आताच ठरवू." हे लगेच म्हणाले, "ठरवायचं काय? पाहू तेव्हाचं तेव्हा." मी म्हटलं, नाही, आता.

"बरं. मी पडलो तं?"

"तर तुम्ही इकडं यायचं. दवाखाना इथं हाय."

"अन् तू पडली तं?"

"तरी तुम्हीच इकडं यायचं. मी तीन पायऱ्या चढणार नाही."

त्यांनी वाल सोलणं थांबवलं. "म्हणजे दोन्हीकडून मीच यावं?"

"हो."

त्यांनी नवी शेंग उचलली. मग पुन्हा वाल सोलू लागले आणि म्हणाले, "ठीक हाय. येईन. पण पडेपर्यंत मी तिकडंच."

मी 'बरं' म्हटलं आणि सोललेला वाल धुवायला आत नेला.