भरलेलं गोदाम आणि कादंबरीतली भूक

आमचे हे धान्याच्या गोदामात साठा सांभाळायचे. तीस वर्षं एकच काम: पोत्यात पारखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार पोकळ नळी, खुपसायची, चार दाणे काढून दाताखाली फोडायचे आणि किडक्या मालाला परतीचा रस्ता दाखवायचा. माणूस नाकासमोर चालणारा. म्हणूनच ताईच्या नवऱ्याने, भावजींनी, आपल्या झॉम्बींच्या कादंबरीत यांना आणलं तेव्हा माझं डोकं फिरलं.

कादंबरीत गावचे लोक मरून पुन्हा उठतात, धान्य संपतं, आणि अकराव्या दिवशी गोदामवाला शेजाऱ्याला पारखी टोचून बघतो आणि खातो. नाव दिलेलं नव्हतं, पण यांचाच दोरी बांधलेला चष्मा होता, ओढत टाकलेला डावा पाय होता. हमाल विचारू लागले, "साहेब, आज डब्यात कोण आहे?" यांनी ते हसण्यावारी नेलं. मग नात मांडीवर बसेनाशी झाली. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

"त्याला त्याच्याच पुस्तकात पुरतो," म्हणाले.

"पुरा," मी म्हटलं. "खणायला मी येते."

वाचनालयात भावजींचा कार्यक्रम होता. मी ताईशेजारी बसले, मुद्दाम, तिचं तोंड बघायला मिळावं म्हणून. वाचन संपताच हे उभे राहिले.

"तुमच्या गावात जिवंत किती उरले?"

"तीनशे," भावजी म्हणाले.

"आमच्या गोदामात कमीत कमी सहाशे पोती. पन्नास किलोचं एक, म्हणजे तीस हजार किलो. माणशी रोज अर्धा किलो धरलं तर दोनशे दिवस पुरतं. मेलेले धान्य खात नाहीत, उलट खाणारी तोंडं कमी झाली. तांदूळ वर्षभर टिकतो, माणसाचं मांस दोन दिवस टिकत नाही. मग अकराव्या दिवशी मी शेजारी कशाला खाऊ?"

सभागृह खो खो हसलं. भावजींचा चेहरा पडला. मला इतकं बरं वाटलं की सांगता सोय नाही.

"साडूबुवा, गोदाम रिकामं असू शकतं की," ते म्हणाले.

यांना चेव चढला. "तीस वर्षांत साठा सहाशेच्या खाली गेलेला नाही. संचारबंदीतसुद्धा नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ताईने वाजवल्या नाहीत, आणि माझे हात मांडीवरच राहिले.

संचारबंदीत आई ताईकडे होती. त्यांच्या घरातलं धान्य संपलं तेव्हा ताईने माझ्याकडे निरोप धाडला, आणि मी यांच्याजवळ एक पोतं मागितलं. "गोदाम झाडून रिकामं आहे, एक दाणा नाही," हे म्हणाले होते. मी तोच निरोप उलट धाडला. आई आपल्या वाटचं नातवंडांना देत राहिली. दुसऱ्या आठवड्यात तिला उठवेना, तिसऱ्यात ती गेली. त्या घरात मी यांची बाजू घेऊन भांडले होते.

कार्यक्रम संपल्यावर मी यांना एवढंच विचारलं, "किती पोती होती?"

"वरून चिठ्ठी आली नव्हती," हे म्हणाले. "चिठ्ठीशिवाय माल काढला असता तर नोकरी गेली असती."

भावजी टेबलाशी बसून वाचकांना सह्या देत होते. मी रांगेत उभी राहिले. माझी पाळी आली तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवलं.

"भावजी," मी म्हटलं, "पुढच्या आवृत्तीत यांचं नाव छापा."