बाबांनी मागून घेतलेले आठ दिवस

तीन थरांचं, बिडाचं, प्रत्येक थराच्या कडेला उमलत्या कमळाच्या पाकळ्या आणि माथ्यावर मान वळवून उभा असलेला मोर... मुलुंडच्या आमच्या बागेतलं ते कारंजं मी प्रथम पाहिलं ते कोरडंच. तळाच्या हौदात कुजलेल्या पानांचा आंबूस वास कोंडलेला असे. कुणा व्यापाऱ्याने पत्नीच्या स्मरणार्थ ते बागेला दिलं होतं आणि एके काळी ते पाहायला थेट घाटकोपरहून माणसं येत, असं म्हातारे माळी सांगत.

बाबा गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडल्यावर या बागेतले पंप सांभाळू लागले. मी चौथीत होते. एका सकाळी पालिकेचे इंजिनिअरसाहेब आले नि म्हणाले, "परब, हे तोडायचंय. डासांच्या तक्रारी फार येतात."

घरात कधी आवाज न चढवणारे बाबा ताठ उभे राहिले. "साहेब, आठ दिवस द्या. नाही चालू झालं, तर पहिला घण मीच घालीन."

मग आमचं सारं घरच त्या हौदात उतरलं. बाबांनी क्षारांनी बुजलेले पाइप एकेक करून उकलले, खरवडले, नव्याने जोडले. पितळी तोट्यांची भोकं मात्र काही केल्या मोकळी होईनात. आईने त्या पदरात बांधून घरी आणल्या. "पितळेच्या भांड्यांक चिंच चलता, मगे ह्येंका कित्याक नाय?" म्हणत तिने त्या चिंचेच्या कोळात भिजवल्या. माझी बोटं लहान, म्हणून भोकांत तार घालायचं काम माझं. कितीतरी दिवस हातांना चिंचेचा आणि पितळेचा वास येत होता...

आठव्या दिवशी साहेबांसमोर बाबांनी बटण दाबलं. आधी नुसती घरघर, मग तांबूस गढूळ पाणी — आणि एकाएकी मोराच्या डोक्यावरून उसळलेला शुभ्र तुरा! साहेब नखशिखान्त भिजले, हसले. "राहू दे हो परब, कोण तोडतंय आता!" बाबांनी मान खाली घातली. ते रडत होते, हे आईने आणि मीच पाहिलं.

बाबा जाऊन आता बरीच वर्षं झाली. आई रोज संध्याकाळी बागेत बसते. परवा फोटो काढणाऱ्या एका मुलीने तिला विचारलं, "आजी, कुणी बांधलं हो हे?"

"बांधल्यान कोणी, ता म्हायत नाय," आई म्हणाली, "पण चालू केलाव आमी."