परत फिरावंसं वाटेल तिथून तिसरं घर

कमलमावशींना पत्ता विचारला की त्या रस्त्यांची नावं सांगत नसत. "हायवेवरून खाली उतर," त्या म्हणत. "पेट्रोल पंप लागेल. त्याच्या बाजूला फळ्या ठोकलेलं दुकान दिसेल. तिथं तुला वाटेल, बाप्पा, चुकलो आपण, गाडी वळवावी. वळवू नको. तिथून तिसरं घर माझं."

मी विमा कंपनीत जोखमीचं गणित करते. अचूकपणाची मला सवय आहे, पण इतका अचूक पत्ता मला कोणी दिला नव्हता. पहिल्यांदा गेले तेव्हा फळ्या ठोकलेल्या दुकानापाशी माझा पाय ब्रेकवर गेला आणि मी वळायचा सिग्नलही दिला. पुढच्या एका घराच्या पोर्चवर नऊवारी शोभेल अशा बांध्याची, पण जीन्स आणि स्वेटर घातलेली एक बाई उभी राहून हात हलवत होती. मी उतरल्यावर त्यांचं पहिलं वाक्य होतं, "वळवणार होतीस ना? सगळेच वळवतात. ये, चहा टाकलाय."

कमलमावशी राऊत मूळच्या अमरावतीच्या. ओहायोतल्या आमच्या या मध्यम आकाराच्या शहरात त्या आल्या तेव्हा नदीकाठचे पोलादाचे कारखाने चालू होते आणि त्यांचे यजमान, राऊत काका, त्यातल्या एकात इंजिनियर होते. मावशी इथल्या हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासत. पुढे कारखाने बंद पडले, काका गेले, मुलगा संदीप टेक्सासला फ्रिस्कोत स्थायिक झाला. मराठी मंडळी एकेक करून शहराच्या हद्दीबाहेर, चांगल्या शाळांच्या उपनगरात गेली. आम्हीही तिथेच घर घेतलं. मावशी मात्र पूर्वेकडच्या त्या वस्तीत, त्याच घरात राहिल्या. रोज संध्याकाळी पोर्चवर बसायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला नावाने हाक मारायच्या.

त्या भोळ्या नव्हत्या. दाराला दोन कुलपं होती, आणि गाडीत पर्स ठेवून उतरलात तर त्या परत पाठवायच्या. पण कोणी "मावशी, तुम्हाला भीती नाही वाटत?" असं विचारलं की त्यांची वऱ्हाडी बाहेर यायची. "भेवाले घरात जागा देली, तं ते भाडं देत नाही. वरून जेवाले मागते!"

दर वर्षी आमच्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर कोणीतरी 'देशातली सर्वांत धोकादायक शहरं' अशी एक यादी टाकायचं. तीत आमचं शहर असायचंच. मग हळहळ, मग "आपण वेळेवर बाहेर पडलो" असं समाधान. माझ्यासारखीला त्या यादीत अनेक भोकं दिसतात. आमच्या शहराची हद्द अगदी आखूड आखलेली आहे. उपनगरातली हजारो माणसं दिवसा कामाला, हॉस्पिटलला, मॅच बघायला हद्दीच्या आत येतात. त्यांची गाडी कोणी फोडली तर गुन्हा शहराच्या नावावर चढतो, पण दर काढताना भागायचं फक्त हद्दीच्या आत झोपणाऱ्यांच्या संख्येने. वरचा आकडा सगळ्यांचा आणि खालचा थोड्यांचा, म्हणजे दर फुगणारच.

हे मी एकदा मावशींना मोठ्या उत्साहाने समजावून सांगितलं. मला वाटलं, त्यांना आनंद होईल. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे ही वस्ती चांगली आहे असं म्हणतेस?"

"नाही," मी म्हटलं. खोटं बोलणं मला जमत नाही. "यादी चुकीची आहे. पण तुमच्या या चार गल्ल्यांत गोळीबार आमच्याकडच्यापेक्षा जास्त होतो, हे खरं आहे."

"हाओ. हे बोललीस ते बरं केलंस. मला ना शिव्या चालत ना सारवासारव. आहे ते आहे. तरी मी इथं आहे."

आहे ते काय आहे, हे त्यांना माझ्यापेक्षा जवळून माहीत होतं. कोपऱ्यावरच्या दुकानासमोर एकदा गोळीबार झाला आणि त्यात शेजारच्या वॉल्टरचा भाचा गेला. वॉल्टर म्हणजे सिटी बस चालवून निवृत्त झालेला, उंच, सावकाश बोलणारा काळा माणूस. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी जेवण पोचवायचं, हे मावशी अमरावतीत शिकल्या होत्या. ओहायोत तो नियम बदलायचं त्यांना कारण दिसलं नाही. वॉल्टरच्या घरी त्यांच्या चर्चची माणसं जेवण आणत होतीच, त्यात मावशींचं वरण-भात आणि बटाट्याची भाजीही जाऊ लागली. पाहुणे पांगल्यावरही ती जातच राहिली.

तेव्हापासून वॉल्टरकडे मागच्या दाराची किल्ली होती. मावशींचा कढीपत्ता एका भल्यामोठ्या कुंडीत होता, माणसाच्या खांद्याएवढा वाढलेला. थंडीचं पहिलं दव गोठायच्या आत ती कुंडी मागच्या पायऱ्यांवरून घरात घ्यावी लागे, नाहीतर एका रात्रीत झाड संपलं. मावशींचे गुडघे गेलेले. त्यामुळे हवामानाचा अंदाज बघून, न सांगता, वॉल्टर येऊन कुंडी आत ठेवून जायचा. "इथं मला मुलगा कशाला पाहिजे?" मावशी संदीपला फोनवर चिडवायच्या. "माझ्या झाडाला सर्दी होणार हे शेजाऱ्याला माझ्याआधी कळते."

त्यांच्या घरापुढे रेडबडचं झाड होतं. त्याची पानं आपट्याच्या पानांच्या नात्यातली, आणि ऑक्टोबरात खरोखर सोन्यासारखी पिवळी होतात. म्हणून दसऱ्याचं सोनं मावशींकडेच. वर्षातून हा एक दिवस उपनगरातली सगळी मराठी घरं शहराची हद्द ओलांडून त्यांच्या दारी यायची. "आले बाप्पा सीमोल्लंघनाले!" मावशी पोर्चवरून ओरडायच्या. "गाड्या नीट लावा. आणि चेहरे सरळ करा, लढाईवर नाही आले तुम्ही!"

एका दसऱ्याला, भर दुपारी, ते घडलं.

निखिल नावाचा पुण्याचा मुलगा नुकताच नोकरीसाठी आला होता. बायकोला आत पाठवून तो मागच्या गल्लीत गाडीत बसून ऑफिसचा कॉल घेत होता. यादी त्याने वाचली होती. फोनवर परिसरातले गुन्हे नकाशावर दाखवणारं ॲपही कोणाच्या तरी सल्ल्याने घेतलं होतं. त्या रात्री पारा गोठणबिंदूखाली जाणार होता. निखिलने पाहिलं ते एवढंच, की एक उंच काळा माणूस मावशींच्या अंगणात शिरला आणि मागचं दार उघडू लागला. त्याने ९११ फिरवून पोलिसांना बोलावलं.

आम्हाला आत सायरन ऐकू आला. आम्ही मागच्या दाराशी पोचलो तेव्हा वॉल्टर पायऱ्यांवर हात वर करून उभा होता. दोन पोलीस समोर होते. कुंडी आडवी झाली होती आणि माती पायरीभर पसरली होती. किल्ली दाराला तशीच लटकत होती.

मावशींच्या हातात सोन्याची पानं होती. पोलीस "मागे राहा, मॅम" म्हणत असताना त्या दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या उतरल्या आणि वॉल्टरच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. स्वच्छ इंग्रजीत म्हणाल्या, "हा माणूस त्याच्या घरी आहे. इथं पाहुणे आहेत ते हे बाकीचे सगळे. खाली घेऊ दे त्याचे हात."

हात खाली आले. पोलीस माफी मागून गेले. वॉल्टरने कुंडी सरळ केली, माती हातांनी गोळा करून भरली, झाड आत नेऊन खिडकीशी ठेवलं. मग किल्ली दारातून काढली आणि कठड्यावर ठेवली. "मिस कमल," तो म्हणाला, "यापुढे मागच्या दाराने मला येता येणार नाही." आणि गेला.

आम्ही घरी पोचायच्या आत ॲपवर मावशींच्या घराशी लाल ठिपका उमटला होता. 'घरफोडी, चालू.' कोणीतरी त्याचा फोटो ग्रुपवर टाकला आणि तो फिरत फिरत फ्रिस्कोला गेला. संदीपचा मला फोन आला. "ताई, तुम्ही नंबर्समधल्या आहात. तुमचं ती ऐकते. मी येतोय वीकेंडला. घर विकायचं आणि आईला इकडे आणायचं. इनफ इज इनफ."

शनिवारी मी गेले तेव्हा स्वयंपाकघरातल्या टेबलाशी संदीप लॅपटॉप उघडून बसला होता. समोर मावशी, आणि त्यांनी फोन करून बोलावलेला, मान खाली घातलेला निखिल.

"सांगा ना ताई," संदीप म्हणाला. "किती रिस्क आहे ते सांगा तिला."

"या वस्तीत जोखीम आहे, ते मी मावशींना पूर्वीच सांगितलंय," मी म्हटलं. "पण तू ज्या ठिपक्यासाठी विमानाने आलास तो गुन्हा नाही, फोन आहे. ॲप पोलिसांना आलेले फोन मोजतं. तो फोन आपल्या माणसाने केला. हा ठिपका आपण लावलाय, संदीप."

"बरं, हा नाही. पुढचा खरा असला तर?"

मावशींनी चहाचा कप खाली ठेवला. "पुढचा खरा असला तं वॉल्टर धावून आला असता. आता नाही येणार. माझं जे चोरीले गेलं ते हे आहे." त्यांनी कठड्यावरून उचलून आणलेली किल्ली टेबलावर ठेवली. "इतकी वर्षं इथं राहिले, कोणी नेली नाही माझी वस्तू. माझ्याच पाहुण्यांनी नेली. तुले घर विकायचं आहे? माझ्या मेल्यावर विक. या किल्लीचं काय करायचं ते बोल."

संदीप म्हणाला, "आई, तिकडे गेटेड कम्युनिटी आहे. सगळे आपले लोक आहेत."

"शेजारच्याचं नाव काय?"

"पटेल."

"पूर्ण नाव?"

संदीप लॅपटॉपवर शोधू लागला.

"राहू दे. गेट आहे नं, नावाची काय गरज?" मग त्या निखिलकडे वळल्या. "ऊठ रे पोट्ट्या. सोनं द्यायचं राहिलंय एका घरी."

अंगणातली पानं बरीचशी गळली होती. मावशींनी फांदीवर उरलेली तोडली आणि निखिलच्या हातात दिली. गाडी काढू दिली नाही. त्या, निखिल, संदीप आणि मी, चौघं फुटपाथवरून चालत वॉल्टरच्या पोर्चवर गेलो. वॉल्टरने दार उघडलं, पण आत या म्हटलं नाही. निखिलने पानं पुढे केली. आमच्याकडे या सणाला मोठ्यांना ही देऊन नमस्कार करतात, असं काहीतरी त्याने सांगितलं. शेवटी म्हणाला, "मी घाबरलो होतो, सर."

"ते मला कळलं," वॉल्टर सावकाश म्हणाला. "घाबरलास तू, आणि हात वर करायला लागले मला." तो दाराबाहेर एक पाऊल आला. "माझा भाचा तुझ्याच वयाचा असता."

निखिल वाकला आणि त्याने वॉल्टरच्या पायांना हात लावला. वॉल्टर दचकून मागे सरला, मग त्याने हळूच पानं घेतली. माफ केलं असं तो म्हणाला नाही. मावशींनीही त्याला तसं म्हणायला लावलं नाही. त्यांनी फक्त किल्ली पुढे केली. ती मागच्या दाराची नव्हती. संदीपला सकाळी दुकानात पाठवून त्यांनी पुढच्या दाराची नवी किल्ली करून आणली होती. कशासाठी, हे त्याला आत्ता कळलं.

"मागचं दार बंद," मावशी म्हणाल्या. "यापुढे पुढच्या दाराने ये. दिवसाढवळ्या. सगळ्या रस्त्याने बघू दे, माझ्या घरात कोण हक्काने जातो ते."

वॉल्टरने किल्ली लगेच घेतली नाही. "ती कुंडी पुढच्या दारातून जाणार नाही, मिस कमल. दार अरुंद आहे."

"मग दार रुंद करू. मुलगा आलाय, त्याला काहीतरी काम पाहिजे."

वॉल्टर हसला आणि त्याने किल्ली खिशात टाकली. संदीप एकटाच फ्रिस्कोला परतला, पण जाण्याआधी सुताराला दाराचं माप देऊन गेला. निखिल पुढे दर शनिवारी मावशींकडे भाजी पोचवू लागला. त्याला पत्ता विचारावा लागत नव्हता.

त्यानंतरही त्या वस्तीत वाईट घटना घडल्या. त्या मी लपवणार नाही, आणि मावशींनी तर कधीच लपवल्या नाहीत. कुठे काही झालं की दुसऱ्या दिवशी त्या डबा भरायच्या आणि वॉल्टरच्या हातावर हात टेकून त्या घरी जायच्या. मी एकदा म्हटलं, "मावशी, जोखीम मोजायला मला येतं. तुमच्या या डब्याचा हिशेब कुठल्या रकान्यात धरायचा ते कळत नाही."

"धरू नको," त्या म्हणाल्या. "तू आकडा बरोबर लाव. डबा मी नेते."

गेल्या वसंतात, रेडबडला गुलाबी फुलं आली असताना, मावशी दुपारच्या चहानंतर पोर्चवरच्या खुर्चीत बसल्या त्या उठल्या नाहीत. वॉल्टरने रस्त्यावरून हाक मारली, उत्तर आलं नाही म्हणून तो धावत गेला. संदीप येईपर्यंत तो त्यांच्या घरातून हलला नाही. नंतर कढीपत्त्याची कुंडी त्याच रुंद केलेल्या दारातून वॉल्टरच्या घरी गेली.

मी ग्रुपवर बातमी टाकली. हात जोडलेली चिन्हं येऊ लागली. मग एकीने, मावशींना कधीच न भेटलेल्या एकीने, लिहिलं, "अरेरे! त्या ईस्ट साइडला एकट्या राहायच्या ना? तिथे काय झालं त्यांना?"

मी विचार करून, खरं तेच लिहिलं.

"वय झालं."