दुपारी रुसणारं पोकलेन

आपल्या नगर जिल्ह्यात असं एकही जुनं पोकलेन नसेल, ज्याच्या पोटाला माझ्या एका नापास विद्यार्थ्याने कान लावलेला नाही. पोकलेन म्हणजे ते पट्ट्यांवर चालणारं, लांब हाताचं खोदाईचं यंत्र. पारनेरला आलात तेव्हा त्याच्या बकेटमध्ये बसून तुम्ही दोघा नातवंडांनी फोटो काढून घेतला होता. फोटोत मागे जो गृहस्थ तुमच्याकडे न बघता इंजिनाकडे बघतो आहे, तोच हा. आता त्याने साठी ओलांडली आहे, मिशा पांढऱ्या झाल्या आहेत. पण आठवीत मी त्याला इंग्रजीत नापास केलं होतं, त्यामुळे माझ्या तोंडी तो अजून 'अरे'च आहे आणि त्याच्या तोंडी मी 'बाई'.

त्याच्या मते यंत्र कधी खोटं बोलत नाही, खोटं बोलतो तो ऑपरेटर. म्हणून मशीन त्याच्या गॅरेजवर आलं की पहिला अर्धा तास तो पान्याला हातच लावत नाही. ऑपरेटरला बाकावर बसवतो, चहा पाजतो आणि उलटतपासणी घेतो. बंद पडलं तेव्हा खडक होता की माती? ऊन किती होतं? आदल्या दिवशी डिझेल कुठल्या कॅनमधून ओतलं? एकदा एका ऑपरेटरने वैतागून विचारलं, "मिस्त्री, मशीन दुरुस्त करताय का सोयरीक जमवताय?" हा शांतपणे म्हणाला, "सोयरिकीत बी लोक एवढं खोटं बोलत न्हाईत, जेवढं तू आत्ता बोल्लास. सांग, फिल्टर कवा बदलला?"

सेन्सर या वस्तूवर मात्र त्याचा जुना राग. इंजिनात जागोजागी सेन्सर बसवलेले असतात, ते डिझेलचा दाब मोजतात, तेल किती तापलं ते बघतात आणि कुठे बिनसलं की केबिनमधल्या पडद्यावर एक आकडा उमटतो. त्या आकड्यांचा अर्थ सांगणारं जाडजूड इंग्रजी पुस्तक काखोटीला मारून हा माझ्याकडे येतो. मी चष्मा लावून वाचते, मराठीत सांगते, तो डोळे मिटून ऐकतो आणि शेवटी म्हणतो, "कुटं दुखतंय ते सांगितलं बाई त्यानं. का दुखतंय ते न्हाई सांगितलं." पुस्तकात 'अमुक भाग बिघडला असू शकेल' असं आलं की त्याला कोण आनंद होतो! "म्हंजी त्यालाबी म्हाईत न्हाई!"

त्याचा विश्वास स्वतःच्या कानावर. हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर घ्यायचा, टोक इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि मान हलवत राहायची. तेल तर त्याच्या इतकं डोक्यात बसलेलं की शनिशिंगणापूरला गेला तरी देवावरून ओघळणारं तेल न्याहाळून पुटपुटतो, "पातळ हाय." त्याच्या बायकोने हे मला स्वतः सांगितलं आहे.

गेल्या वर्षी जामखेडकडच्या एका गृहस्थाने याच्या शब्दावर जुनं पोकलेन विकत घेतलं. याने इंजिनाला कान लावून सांगितलं होतं, "धा वरसं बगायला नगं." दोन महिन्यांत मशीन रुसू लागलं. सकाळी झकास चालायचं आणि दुपार झाली की धाप लागल्यासारखं व्हायचं, बकेट मातीत रुतून राहायची. पडद्यावर आकडा आला, डिझेलचा दाब कमी. मालकाने सेन्सर बदलला, तरी आकडा तोच. मग शहरातून मशीनला लॅपटॉप जोडून बिघाड शोधणारा माणूस आणला. तो म्हणाला, पंप गेला. मालक मशीन ट्रेलरवर घालून थेट गॅरेजवर आला. "मिस्त्री, तुमच्या कानावर इसवास ठिवून घेतलं हुतं मी," एवढंच बोलला.

हा माझ्याकडे आला तो पुस्तक न घेता. पायरीवर बसला. "बाई, माझा कान गेलाय. वरीस झालं. पंपाला लावतो, पर नुसती घरघर येती. हे मशीन घेतलं तवाबी मला नीट ऐकू आलं नव्हतं. लाजंनं बोललो न्हाई. पंप खरंच गेला असंल तर मी पाना खाली ठिवनार."

मी त्याला घेऊन गॅरेजवर गेले. त्याच्या आग्रहाखातर तो स्क्रू ड्रायव्हर मीही कानाला लावून पाहिला. खडखडाट ऐकू आला, पण तो पंपाचा की माझ्या खांद्याच्या संधिवाताचा, हे सांगता येईना. मग मला एकदम आठवलं. "अरे, मालकाला चहा पाजलास का?" घाबरून तो आपली उलटतपासणीच विसरला होता.

मालकाला बाकावर बसवलं. हा प्रश्न विचारी आणि मालकाचं उत्तर मी याच्या कानाशी तोंड नेऊन पुन्हा सांगे.

"सकाळी डिझेल किती असतं?"

"टाकी फुल करूनच चालू करतो."

"आन् बंद पडतं तवा?"

"निम्मी आसंल."

"परत भरल्यावर?"

"परत चालतं की. आमाला वाटलं, इंजिन गार झाल्यामुळं."

मिस्त्री उठलाच. टाकीत सोडलेली डिझेल ओढायची नळी त्याने बाहेर काढली. बरोबर मध्यावर केसासारखी चीर होती. डिझेल चिरेखाली उतरलं की नळी हवाही ओढायची आणि दाब पडायचा. पंप ठणठणीत होता आणि बिचारा सेन्सर पहिल्यापासून खरं सांगत होता. नवी नळी बसवून दिवसभर मशीन चालवून पाहिलं. टाकी तळाला गेली तरी धाप लागली नाही.

मग हात पुसत याने मालकाला कानाचं सगळं खरं सांगून टाकलं. मालकाने ती चिरलेली नळी हातात घेऊन फिरवून पाहिली. "न ऐकता एवढं, तर ऐकून काय करशाल! कानाचं बगा मिस्त्री," म्हणाला.

मी तेवढंच धरून बसले. "मशीनला दहा सेन्सर चालतात, तुला एक चालत नाही?" पंधरा दिवस तो माझ्यावर रुसला. मग नगरला जाऊन श्रवणयंत्र घेऊन आला आणि पहिल्यांदा माझ्याकडेच आला, पुस्तक घेऊन. मी एक पान वाचलं. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"बाई, तुमचा आवाज लई बारीक झालाय. वर्गात बोलायच्या तर पार मैदानात ऐकू यायचं."

"तुझं यंत्र नीट लाव आधी."

"यंत्र बराबर हाय, बाई."

दर रविवारी फोनवर तुम्ही दोघं 'आजी, मोठ्याने बोल ना' म्हणता आणि मी नेटवर्कला नावं ठेवते, ते मला तेव्हा आठवलं. त्याने खुर्ची उचलली, माझ्या अगदी जवळ आणून ठेवली आणि डोळे मिटले.

"वाचा. सावकाश वाचा."