डाव्या स्केटची धार

निल्स गेल्याची बातमी मला ज्या माणसानं कळवली, त्याच माणसानं सात वर्षांपूर्वी त्याचा खेळ संपवला होता. आणि त्या कामाला हात माझे वापरले होते. हे दुसरं वाक्य कागदावर उतरायला मला सहा आठवडे लागले, म्हणून हा लेख उशिरा येतो आहे. त्या दिवशी आटगावच्या माझ्या धार लावायच्या दुकानात मी गवत कापायच्या मशीनचं पातं चाकावर धरलं होतं. फोन वाजला. आखातातल्या बर्फाच्या मैदानावर एकेकाळी काम केलेल्या आम्हा लोकांचा एक ग्रुप आहे, त्यावर फोटो आला होता. निळ्या जर्सीतला निल्स, त्याच्या खांद्यावर हात टाकून उभा असलेला आमचा तेव्हाचा मॅनेजर, आणि खाली मॅनेजरचेच शब्द, 'माझा धाकटा भाऊ गेला. असा खेळाडू, असा माणूस पुन्हा होणे नाही.' पुढे जोडलेले हात, पेटवलेल्या पणत्या... मी ते तीनदा वाचलं. माणूस गेल्यावर आधी रडू यायला हवं. मला आधी राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

निल्स स्वीडनचा. त्याच्या बहिणीनं नंतर मला कळवलं, की गावातल्या मैदानावर लहान मुलांच्या बुटांच्या नाड्या बांधून देता देता तो खाली बसला तो उठलाच नाही. हृदय बंद पडलं. वय सेहेचाळीस. पार उत्तरेकडचं त्याचं गाव, बाप लाकडाचे ओंडके वाहणारा ट्रक चालवायचा, आणि घरामागचं तळं हिवाळ्यात गोठलं की पोरं त्यावर खेळायची. आइस हॉकी म्हणजे आपल्या हॉकीचीच बहीण, फक्त बर्फावरची, आणि पायात स्केट, म्हणजे बुटाखाली सुरीसारखं लांब पातं. त्या पात्यांवर निल्स अकरा क्लब आणि आठ देश फिरला. नॉर्वे, डेन्मार्क, इटलीतलं कुठलंसं डोंगरातलं गाव, स्कॉटलंडमध्ये एक हिवाळा, कझाकस्तानात दोन. आमच्या डोळखांबकडची माणसं दिवाळी झाली की बिऱ्हाड उचलून कामाला निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. निल्सही तसाच, गारठा पडला की निघायचा आणि बर्फ वितळलं की घरी. मी एकदा त्याला विचारलं, तू मोठा खेळाडू आहेस का रे? तो म्हणाला, "मोठे एका जागी राहतात. आमच्यासारखे बोलावलं तिकडे जातात." हे सांगताना त्याच्या तोंडावर कसलीही खंत नव्हती. प्रत्येक गावातल्या बेकरीचं नाव मात्र त्याला पाठ होतं.

त्याचा अकरावा क्लब आखातात होता, आणि तिथे स्केटना धार लावायला मी होतो. बाहेर डांबर वितळेल असं ऊन आणि आत बर्फ. मी शेणव्याचा. आमच्या गावात कापणीच्या आधी सगळ्यांचे विळे माझ्या वडिलांकडे यायचे. त्यांचा एक नेम होता, धार लावली की पातं आधी स्वतःच्या नखावरून फिरवायचं. नखाचा बारीक भुगा निघाला तर धार खरी, नुसती घसरली तर खोटी. पहिल्या दिवशी निल्स माझ्या खोलीत आला, हात पुढे केला आणि आधी माझं नाव विचारलं. मग म्हणाला, "संघ बदलतो, कोच बदलतो. पण माझी धार ज्याच्या हातात, त्याचं नाव मी आधी शिकतो." आणि मी दिलेली स्केट उलटी करून त्यानं अंगठ्याचं नख पात्यावरून फिरवलं. माझ्या वडिलांसारखं, अगदी तसंच. मी हसलो तेव्हा त्याला वाटलं मी त्याची चेष्टा करतोय, मग मी त्याला विळ्यांची गोष्ट सांगितली. तीन महिने तो दर वेळी असं नखावर बघायचा. चौथ्या महिन्यात एक दिवस त्यानं स्केट घेतल्या आणि न बघताच पायात घातल्या. "काशी," तो म्हणाला, "तुझी धार आता बघायला नको."

वीस वर्षांत अकरा ठिकाणी त्यानं असं कुणाला म्हटलं नव्हतं. हे त्यानंच मला सांगितलं होतं.

आता मॅनेजर. तो आपल्या मुरबाडचा. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही. भितो म्हणून नाही, कारण वेगळं आहे, ते शेवटी येईल. त्यानंच मला तिकडे नेलं होतं, त्याचे उपकार मी गावभर सांगत फिरायचो, आणि माझा पासपोर्ट त्याच्या कपाटात होता. निल्सच्या करारात असं होतं, की मोसम संपेपर्यंत तो खेळला तर पुढचं वर्षही त्याचंच. मालकाला त्याच्या जागी एक तरणा पोरगा हवा होता, आणि मॅनेजरला मालकाची मर्जी. एका सामन्याच्या दिवशी दुपारी तो माझ्या खोलीत आला, दार लोटून घेतलं.

"काशा, म्हाताऱ्याची डावी स्केट जरा बिघडव. अर्ध्या केसाएवढी. चारदा पडला की कोच त्याला आपसूक बसवील."

"साहेब, लागंल त्याला."

"काय नाय होत. पडायची सवय असते त्यांना. आणि तुझा व्हिसा पुढच्या महिन्यात माझ्याच टेबलावर येणारे ना?"

मला थोडं समजावून सांगू द्या, म्हणजे पुढचं कळेल. स्केटच्या पात्याला खालून लांबच्या लांब पन्हळ असते, त्यामुळे एका पात्याला दोन कडा होतात, आतली आणि बाहेरची. दोन्ही एका उंचीच्या हव्यात. एक कड खाली गेली की वळताना पाय भरवशाच्या जागी भरवसा देत नाही. तपासायची रीत सोपी आहे, दोन्ही कडांवर एक नाणं आडवं ठेवायचं. नाणं सरळ बसलं तर धार सरळ, तिरकं बसलं तर वाकडी. त्या दुपारी मी डाव्या स्केटची आतली कड चाकावर जास्त दाबली, नाणं ठेवलं, आणि ते तिरकं बसलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. कुणी माझा हात धरून दाबला नव्हता. व्हिसाची भीती होती, हे खरं. पण भीती सगळ्यांनाच असते आणि सगळेच असं करत नाहीत.

निल्सनं न बघता स्केट घातली.

बर्फावर पहिल्याच वळणाला त्याला कळलं. न कळायला तो काय नवखा होता? मिनिटभर खेळून तो बाकावर आला आणि त्यानं माझ्याकडे बघितलं. मी चाकाच्या खोलीच्या दारात उभा होतो, मॅनेजर माझ्या शेजारी. मी नजर खाली घातली. निल्सनं एक शब्द काढला असता, स्केट बिघडलीय म्हणून हात वर केला असता, तर मी पाच मिनिटांत धार सरळ करून दिली असती. त्यानं तो शब्द काढला नाही. पुन्हा उतरला. कडेच्या लाकडी भिंतीजवळ वळताना डावा पाय निसटला आणि गुडघा उलटा फिरला. त्याचं ओरडणं मी अजून ऐकतो. स्ट्रेचर माझ्या समोरून गेलं तेव्हा मॅनेजर मोठ्यांदा म्हणाला, "वय झालं बिचाऱ्याचं, पाय साथ देत नाहीत." करून सवरून नामानिराळा! चार दिवसांनी नवा पोरगा विमानातून उतरला. माझा व्हिसा वाढला. मी दोन वर्षं आणखी तिथे धार लावली, आणि मग एक दिवस सगळं टाकून परत आलो.

तीन वर्षांपूर्वी, जानेवारीत, निल्सचा मेसेज आला, मी येतोय. मला वाटलं, हा आता जाब विचारायला येतोय, आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं. आटगावला तो उतरला तेव्हा हातात काठी आणि पाठीवर एक पिशवी. चार दिवस तो शेणव्याला आमच्या घरी राहिला. आईनं पहिल्या दिवशी त्याला बघून तोंडावर हात धरला, दुसऱ्या दिवशी त्याचा निल्या केला. "खा रे निल्या, नाचणीची हाय, मऊ हाय," असं म्हणत ती त्याच्या ताटात भाकरी टाकायची, आणि तो खायचा. सकाळी लंगडत आमच्या वालाच्या शेतापर्यंत जायचा. माझ्या दुकानातही बसला एक दिवस, लोकांच्या कोयत्यांना मी धार लावताना बघत. गुडघ्याविषयी एक शब्द नाही.

निघायच्या दिवशी आई ओट्यावर वालाच्या शेंगा सोलत होती, आम्ही दोघं बाजूला. तेव्हा त्यानं विचारलं, आमच्या त्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत, "काशी, त्या दिवशी... चूक झाली होती ना तुझ्या हातून?" मी एक शेंग उचलून सोलायला घेतली. तोच पुढे म्हणाला, "मी तेव्हा बोललो नाही. तुझा मॅनेजर शेजारी उभा होता. धार वाकडी आहे म्हटलं असतं तर त्यानं तुला घरी पाठवलं असतं. वाटलं, सांभाळून खेळीन एवढा सामना."

म्हणजे माझी नोकरी वाचावी म्हणून हा माणूस वाकड्या धारेवर पुन्हा उतरला होता. आणि मी काय म्हणालो असेन?

मी म्हणालो, "हो. चूक."

त्यानं मान हलवली. बराच वेळ हलवत होता. "मग ठीक," म्हणाला, "चुका होतात. मी चार वर्षं उगीच भलतंसलतं मनात आणत होतो." मग पिशवीतून त्यानं त्या स्केट्स काढल्या, त्या दिवसानंतर पायात न घातलेल्या, आणि माझ्या हातात दिल्या. घरी ठेवल्या तर रोज दिसतात, म्हणाला, तुझ्याकडे राहू देत. त्याला स्टेशनवर सोडून परत आलो तर आई तिथेच बसलेली. "काय इचारलं रे त्यानं?" "काय नाय." "काय नाय, मग तू असा का झालास?" मी आत गेलो. स्केट्स मधल्या खोलीत खिळ्याला टांगल्या. त्यांना मी चाक लावलं नाही, कधीच.

आता मॅनेजर मुरबाडला परतलाय. मुलांना चाकांच्या बुटांवर पळायला शिकवणारी अकादमी काढतोय, आणि तिला निल्सचं नाव देतोय. येत्या रविवारी उद्घाटन. मला त्याचा फोन आला होता, "काशा, त्याच्या स्केट्स तुझ्याकडं हायेत म्हणं. काचेच्या पेटीत ठेवू, खाली दोन ओळी लिहू. तुझा पण सत्कार करू, शाल-श्रीफळ." आवाजात इतका मायेचा ओलावा होता, की मला क्षणभर शंका आली, हा खरंच विसरला की काय? मग वाटलं, विसरलाच असेल. ज्याचा गुडघा गेला त्यानं लक्षात ठेवायचं, ज्यानं घालवला त्यानं पणत्या लावायच्या. मी म्हणालो, "आणतो साहेब."

मी त्या आणणार आहे. मला सूड हवाय, आणि तो मी गोड शब्दांत गुंडाळत नाही. क्षमा करणारे माझ्याहून मोठे असतील, त्यांनी करावी. निल्सला मी खोटं सांगितलं म्हणून तो निश्चिंत मेला, आणि त्याला फसवणारे आम्ही दोघं जिवंत आहोत, हे मला सहन होत नाही. मुरबाडला मी डावी स्केट काचेच्या पेटीत उलटी ठेवीन, पातं वर करून, आणि दोन कडांवर दहाचं नाणं आडवं ठेवीन. ते तिरकं बसेल. सात वर्षांत ती धार तसूभर बदललेली नाही. मुलांचे आईबाप विचारतील हे काय, आणि मग साहेबांनी सांगावं काय ते.

काल खिळ्यावरून स्केट्स काढल्या तेव्हा आईनं पुन्हा तेच विचारलं, "आता तरी सांगशील? त्या दिशी काय इचारलं निल्यानं?" या वेळी सगळं सांगितलं, दुपारपासून नाण्यापर्यंत, आणि ओट्यावरच्या खोट्यापर्यंत. तिनं स्केट हातात घेतली, वडील बघायचे तसं अंगठ्याचं नख त्या कडेवरून हळू फिरवलं. मला वाटलं, शिव्या घालील. मुरबाडवाल्याला तिनं घातल्याही, पोटभर. मग स्केट माझ्या हातात दिली.

"तितं गेल्यावर पयलं तुझं नाव सांग," ती म्हणाली. "त्याचं मागनं."

म्हणून त्याचं नाव इथे नाही. ते त्यानं रविवारी स्वतःच्या तोंडानं सांगावं, नाणं समोर असेल. आटगावच्या माझ्या दुकानात उद्यापासून कोण विळा घेऊन येईल आणि कोण नाही, ते मला ठाऊक नाही. येणाऱ्यानं धार नखावर बघून घ्यावी. खिळा रिकामा आहे, आणि निल्स नेहमी जे आधी विचारायचा ते मी आता सांगतो. माझं नाव काशिनाथ, राहणार शेणवा. डाव्या स्केटची धार मी बिघडवली, आणि ती चूक नव्हती.